दोन चौकोनांमधला बाण: यूएमएल, आर्किमेट, बीपीएमएन आणि सी४ एकाच कामावर घासून बघताना

यूएमएल, आर्किमेट, बीपीएमएन आणि सी४ या सॉफ्टवेअर आणि संस्थेचं कामकाज चौकोन-बाणांच्या चित्रांत मांडायच्या भाषा. त्यातली यूएमएल शिकू की आर्किमेट, असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करतो, तुमचं चित्र वाचणाऱ्याला नेमकं काय विचारायचंय? कारण या भाषांची तुलना शोधायला गेलं की बहुतेक ठिकाणी एक तक्ता मिळतो, एका बाजूला फीचर्स, दुसऱ्या बाजूला टिकमार्क, आणि तो वाचून झाला तरी निर्णय काही होत नाही, कारण टिकमार्क सगळ्यांनाच मिळालेले असतात. प्रोसेस यूएमएलमध्ये काढता येते, आर्किमेटमध्येही येते, बीपीएमएन तर त्यासाठीच जन्माला आलंय. अॅप्लिकेशन्स आर्किमेटमध्ये दाखवता येतात, यूएमएलच्या कंपोनंट डायग्राममध्ये येतात, सी४मध्ये येतात. मग फरक कुठे? माझ्या मते तो कळतो एकच काम सगळ्या भाषांत काढून बघितल्यावर, आणि त्यातही चौकोनांकडे कमी आणि त्यांच्यामधल्या रेघांकडे जास्त बघितल्यावर.

म्हणून एक साधं काम घेऊया. ग्राहकाने ऑनलाईन घेतलेली वस्तू परत पाठवली, ती तपासली गेली आणि पैसे परत मिळाले. सगळ्यांना माहीत असलेलं काम आहे, पण आत बरंच काही दडलंय: कुरिअर आहे, गोदाम आहे, पेमेंट गेटवे आहे, नियम आहेत, वाट बघणं आहे, आणि चुकून दोनदा पैसे जाण्याची भीती आहे.

आता त्यातले फक्त दोन चौकोन घ्या. एक 'रिफंड' नावाचं अॅप्लिकेशन, दुसरं 'पेमेंट'. रिफंडला पेमेंटची गरज लागते, एवढंच दाखवायचंय. यूएमएलमध्ये तुम्ही डिपेंडन्सी काढणार, तुटक रेघ, आणि बाण रिफंडकडून पेमेंटकडे, म्हणजे जो अवलंबून आहे त्याच्याकडून ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्याकडे. आर्किमेटमध्ये हेच नातं 'सर्व्हिंग' म्हणून काढतात, सलग रेघ, आणि बाण बरोब्बर उलटा, पेमेंटकडून रिफंडकडे, कारण पेमेंट सेवा देतंय आणि रिफंड घेतंय. तेच दोन चौकोन, तीच वस्तुस्थिती, आणि बाणाची दिशा उलटी! ३.० आवृत्ती २०१६ मध्ये येईपर्यंत आर्किमेटमध्ये या नात्याचं नाव 'यूज्ड बाय' होतं, मग ते बदलून सर्व्हिंग केलं, पण दिशा तीच राहिली. सी४मध्ये बाण साधारण वापरणाऱ्याकडून वापरल्या जाणाऱ्याकडे जातो, म्हणजे यूएमएलसारखा, पण तिथे खरा अर्थ बाणावर लिहिलेल्या वाक्यात असतो, 'पैसे परत करण्याची विनंती पाठवतं' असं काहीतरी. जुन्या डेटा फ्लो डायग्राममध्ये बाण म्हणजे माहिती कुठून कुठे जाते एवढंच, कोण कुणावर अवलंबून आहे याचा त्याला पत्ताच नाही. आणि बीपीएमएनमध्ये सलग बाण म्हणजे 'यानंतर हे'.

हा फरक मला बारीकसारीक अजिबात वाटत नाही. समजा पेमेंट उद्या रात्री दोन तास बंद ठेवायचंय आणि कुणाला फटका बसणार ते शोधायचंय. आर्किमेटच्या चित्रात तुम्ही बाणाच्या दिशेने चालत जाता, यूएमएलच्या चित्रात बाणाच्या विरुद्ध. ज्याने आयुष्यभर यूएमएलचे क्लास डायग्राम (कोडमधल्या वस्तूंचे प्रकार आणि त्यांची नाती दाखवणारी चित्रं) वाचलेत त्याच्यासमोर कुणी काही न सांगता आर्किमेटचा व्ह्यू, म्हणजे मॉडेलमधलं एक चित्र, ठेवला तर तो सरळ उलटा अर्थ लावून मोकळा होतो, आणि वाईट म्हणजे त्याला काही चुकल्याची शंकाही येत नाही, कारण चित्र दोन्ही बाजूंनी वाचलं तरी शहाणंच दिसतं. म्हणून डायग्रामच्या कोपऱ्यात रेघांचा अर्थ सांगणारी छोटी चौकट असलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, भाषा कितीही 'स्टँडर्ड' असू दे.

यूएमएलबद्दल बोलायचं तर थोडा इतिहास लागतो, कारण त्याचा आकार तसा का झाला ते त्याशिवाय कळत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाईनच्या, म्हणजे सॉफ्टवेअर वस्तूंच्या रूपात मांडण्याच्या, डझनावारी पद्धती होत्या, प्रत्येकाची चिन्हं वेगळी, कुणाचे ढग तर कुणाचे चौकोन. ग्रेडी बूच रॅशनल कंपनीत होतेच, १९९४ मध्ये जेम्स रम्बा तिथे आले, १९९५ मध्ये इवार जेकबसन, आणि तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र करायला घेतल्या. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने यूएमएल १.१ स्वीकारलं. २००५ मध्ये २.० आलं, आणि आज जे चालू आहे ते २.५.१, २०१७ च्या शेवटचं. एकूण १४ प्रकारचे डायग्राम आहेत, सात रचनेचे, सात वागणुकीचे. इतक्या जणांच्या इतक्या गोष्टी एकत्र आणायच्या म्हटल्यावर भाषा जाडजूड होणारच, ती तशी झाली.

आणि म्हणूनच लोक ती पूर्ण वापरत नाहीत. संशोधक मारियन पेत्रे यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास मांडला होता, ५० व्यावसायिक सॉफ्टवेअर इंजिनिअर्सच्या मुलाखती घेऊन, आणि त्यातले ३५ जण यूएमएल अजिबात वापरत नव्हते, उरलेल्यांपैकी बहुतेक जण गरजेपुरतं निवडून वापरत होते, आणि मनापासून सगळं वापरणारा एकही सापडला नाही. हा आकडा काही जण 'यूएमएल मेलं' म्हणून दाखवतात. मला ते पटत नाही. निवडून वापरणारे काय निवडतात ते बघा ना, त्यातच भाषेची ताकद आहे. मी स्वतः तीनच गोष्टी धरून राहतो: स्टेट मशीन (वस्तू कुठल्या अवस्थांतून जाते ते), सीक्वेन्स (कोण कुणाला कुठल्या क्रमाने निरोप पाठवतं ते), आणि डोमेन, म्हणजे कामाचा विषय, समजून घेण्यापुरता क्लास डायग्राम, मेथड-बिथड न लिहिता.

त्यातही स्टेट मशीनवर माझा फार जीव आहे, आणि ते इतकं कमी वापरलं जातं याचं खरंच वाईट वाटतं. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये स्टेटचार्ट मांडले, यूएमएलने ते जवळजवळ तसेच घेतले. आपल्या उदाहरणात परताव्याच्या अवस्था लिहून काढा: विनंती आली, मंजूर झाली, माल वाटेत, तपासणी सुरू, पैसे दिले, नाकारलं. सहा अवस्था. आता घटना लिहा: ग्राहकाने विनंती मागे घेतली, पार्सल पोचलं, तपासणीत पास, तपासणीत नापास, मुदत संपली. आणि मग एकेका अवस्थेत बसून एकेक घटना विचारा. 'माल वाटेत' असताना ग्राहकाने विनंती मागे घेतली तर? पार्सल तर निघालंय, ते परत ग्राहकाकडे वळवायचं की गोदामात येऊ द्यायचं? 'नाकारलं' मध्ये असताना पार्सल पोचलं तर? माल कुणाकडे राहणार, परत पाठवायचा खर्च कुणाचा? असे कप्पे तीस होतात आणि त्यातल्या अर्ध्याअधिक कप्प्यांचं उत्तर रिक्वायरमेंटच्या डॉक्युमेंटमध्ये नसतं. ते उत्तर मग कोड लिहिताना कुणीतरी घाईत आपल्या मनाने ठरवतं. स्टेट मशीन काढलं की तोच प्रश्न ज्याने ठरवायचा त्याच्यासमोर वेळेत येतो. बाकी कुठलीही भाषा हे इतक्या कमी चिन्हांत करत नाही, आर्किमेट नाही, सी४ नाही, आणि बीपीएमएनसुद्धा नाही, कारण बीपीएमएन कामाच्या वाटेने चालतं आणि स्टेट मशीन वस्तूच्या अवस्थेत बसून विचारतं.

सीक्वेन्स डायग्रामचं बळ वेगळं. तिथे बाणाचं टोकसुद्धा बोलतं, भरीव टोक म्हणजे उत्तराची वाट बघत थांबलेला कॉल, उघडं टोक म्हणजे पाठवलं आणि पुढे निघालो, तुटक रेघ म्हणजे उत्तर. रिफंडने पेमेंटला कॉल केला, भरीव टोक, आणि उत्तर आलंच नाही, टाईमआऊट. पैसे गेले की नाही गेले? इथे पुन्हा कॉल केला आणि पहिला मुळात पोचलेला असेल तर पैसे दोनदा जातील, म्हणून प्रत्येक विनंतीबरोबर एक वेगळा ओळखक्रमांक पाठवायचा आणि पेमेंटने तो आधी बघितलाय का तपासायचं. हे संभाषण सीक्वेन्स डायग्रामसमोर उभं राहून पाच मिनिटांत होतं. सी४च्या कंटेनर डायग्रामसमोर (सिस्टिमचे वेगळे चालणारे भाग दाखवणाऱ्या चित्रासमोर) ते होत नाही, कारण तिथे वेळच नाही, फक्त 'हा याला बोलतो' एवढंच आहे.

आता आर्किमेट. याची गोष्ट नेदरलँड्सची, २००२ ते २००४ मध्ये तिथल्या टेलिमॅटिका इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने, मार्क लँकहॉर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली, संशोधक आणि मोठ्या संस्था एकत्र बसून हे बनलं. २००८ मध्ये ते ओपन ग्रुप या स्टँडर्ड सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं, २००९ मध्ये १.० निघालं, २०१२ मध्ये २.०, २०१६ मध्ये ३.०, आणि २०२२ मध्ये ३.२. जन्मच मोठ्या संस्थांच्या गरजेतून झाल्यामुळे त्याचा मूळ प्रश्न 'हा क्लास कसा लिहू' हा कधीच नव्हता. त्याचा प्रश्न असतो, एवढ्या सगळ्या पसाऱ्यात काय कशाच्या जिवावर उभं आहे?

रचना मला अतिशय देखणी वाटते. वाक्यात जसा कर्ता, क्रियापद, कर्म असतं तसंच इथे आहे: करणारा घटक, त्याचं वागणं, आणि ज्याच्यावर ते वागणं घडतं ती वस्तू. हे तीन प्रकार आडव्या थरांतून जातात, बिझनेस, अॅप्लिकेशन, टेक्नॉलॉजी, वर स्ट्रॅटेजी, बाजूला मोटिव्हेशन, आणि शेवटी अंमलबजावणी आणि स्थलांतराचा भाग. पिवळा बिझनेस, निळा अॅप्लिकेशन, हिरवा टेक्नॉलॉजी हे रंग सगळीकडे दिसतात, पण स्टँडर्डमध्ये रंगांना औपचारिक अर्थ दिलेला नाही, तो प्रघात आहे, त्यामुळे फक्त रंगावर विसंबून अर्थ सांगू नका.

आपलं उदाहरण इथे कसं दिसतं? खाली एक सर्व्हर, त्यावर डेटाबेसचं सिस्टिम सॉफ्टवेअर, ते टेक्नॉलॉजी सर्व्हिस देतं 'रिफंड' अॅप्लिकेशनला, रिफंड अॅप्लिकेशन सर्व्हिस पुरवतं 'परतावा हाताळणे' या बिझनेस प्रोसेसला, ती प्रोसेस 'वस्तू परत करणे' ही बिझनेस सर्व्हिस प्रत्यक्षात आणते, आणि ती सर्व्हिस ग्राहकाला मिळते. साखळी तयार झाली. आता कुणी म्हणालं की डेटाबेसच्या या आवृत्तीचा सपोर्ट संपतोय, तर तुम्ही साखळी धरून वर चढता आणि थेट सांगता की ग्राहकाला दिसणाऱ्या या या सेवा यात अडकल्यात. आणि आर्किमेटमध्ये नात्यांमधून नवीन नाती काढण्याचे नियम दिलेले आहेत, म्हणजे मधले पाच टप्पे गाळून 'हा सर्व्हर या प्रोसेसला सेवा देतो' असं दाखवता येतं आणि ते मनाने काढलेलं नसतं, नियमाने निघतं. एकाच व्यवहारात सत्तर ऐंशी अॅप्लिकेशन्स गुंतलेली असतात तिथे याची किंमत कळते.

अजून एक गोष्ट जी या तुलनेतल्या बाकी कुठल्याच भाषेत धड नाही: प्लॅटो (plateau, काही काळ टिकणारी स्थिती), गॅप आणि वर्क पॅकेज (बदल घडवणारं काम). आजची स्थिती हा एक प्लॅटो, दोन वर्षांनंतरची दुसरा, मधला एखादा तिसरा, आणि दोघांमधला फरक म्हणजे गॅप. जुनं रिफंड सॉफ्टवेअर काढून नवीन आणताना सहा महिने दोन्ही एकत्र चालणार असतात, आणि नेमका तोच मधला काळ कुणी चित्रात काढत नाही. 'आज' आणि 'उद्या' अशा दोन स्लाईड्स असतात, मधलं सगळं एका जाड बाणात. पण त्या सहा महिन्यांत परताव्याची नोंद कुठल्या डेटाबेसमध्ये खरी मानायची हा प्रश्न असतोच, आणि मधला प्लॅटो काढला की तो आपोआप वर येतो.

पण आर्किमेटचा त्रासही सांगायला हवा. घटकांची यादी लांबलचक आहे आणि त्यातले फरक नवख्याला छळतात. प्रोसेस आणि फंक्शन यात काय फरक, सर्व्हिस आणि इंटरफेस यात काय फरक, यावर टीम्स तासन्‌तास वाद घालतात आणि मॉडेल तिथेच राहतं. माझा सल्ला सरळ आहे, दहा बारा घटक निवडा, चार पाच नाती निवडा, एका पानावर लिहून ठेवा की आपल्याकडे यांचा अर्थ हा, आणि बाकीचे टूलमधून लपवता येत असतील तर लपवा. आणि आर्किमेटमध्ये प्रोसेसची पावलं काढत बसू नका. ट्रिगरिंगचे ('यामुळे हे सुरू') बाण आहेत, जंक्शन (वाटा फोडणारे-जोडणारे बिंदू) आहेत, त्यामुळे मोह होतो, पण मुदत, अपवाद, पुन्हा प्रयत्न हे सगळं तिथे नीट मावत नाही आणि मग धड आर्किमेटही राहत नाही धड प्रोसेसही.

त्या कामाला बीपीएमएन. २००४ मध्ये बीपीएमआय या संस्थेने १.० काढलं, पुढच्या वर्षी ती ओएमजीत विलीन झाली, २०११ च्या जानेवारीत २.० आलं आणि २०१३ मध्ये त्याला आयएसओचं स्टँडर्ड म्हणून मान्यता मिळाली. २.० चं मोठेपण असं की चित्रामागे एक्सएमएल आहे आणि त्याचा चालण्याचा अर्थही ठरवून दिलाय, त्यामुळे इंजिन, म्हणजे प्रोसेस चालवणारं सॉफ्टवेअर, तेच चित्र प्रत्यक्ष चालवू शकतं.

बीपीएमएनमधला माझा आवडता नियम पूलचा आहे, पूल म्हणजे एका पक्षाच्या कामाची चौकट. सलग बाण, म्हणजे क्रमाचा बाण, पूलची हद्द ओलांडू शकत नाही. ग्राहक एक पूल, आपण दुसरा, कुरिअर तिसरा. आपल्या 'मंजूर करा' या पावलापासून कुरिअरच्या 'पार्सल उचला' पर्यंत सलग रेघ ओढायला गेलात की चूक. तिथे फक्त तुटक रेघेचा निरोप जाऊ शकतो. वरवर बघितलं तर हा कागदी नियम वाटतो, पण तो तुम्हाला कबूल करायला लावतो की कुरिअरचं काम तुमच्या हातात नाही, तुम्ही फक्त निरोप देऊ शकता आणि उत्तराची वाट बघू शकता, आणि वाट बघायची म्हटलं की किती दिवस हा प्रश्न आलाच. मग तुम्ही 'पार्सलची वाट बघा' या कामाच्या कडेला घड्याळाचं वर्तुळ लावता. वर्तुळाच्या दोन्ही रेघा सलग असतील तर सात दिवस झाले की काम तिथेच तुटतं आणि दुसऱ्या वाटेने जातं. दोन्ही तुटक असतील तर तिसऱ्या दिवशी ग्राहकाला आठवण जाते पण वाट बघणं चालूच राहतं. सलग की तुटक, बस एवढाच फरक चित्रात, आणि प्रत्यक्षात ग्राहकाची विनंती रद्द होणार की नुसता मेसेज जाणार एवढा मोठा.

गेटवेचंही, म्हणजे वाटा फुटतात किंवा जुळतात त्या चिन्हाचंही, तसंच. अधिकचं चिन्ह असलेला गेटवे म्हणजे दोन्ही वाटा एकदम सुरू, फुलीचा म्हणजे कुठलीतरी एकच. समजा तपासणी आणि कागदपत्रं पडताळणं एकदम सुरू केलं अधिकच्या गेटवेने, आणि पुढे दोन्ही वाटा एकत्र आणल्या फुलीच्या गेटवेने. चित्र अगदी नीटनेटकं दिसतं. पण फुलीचा गेटवे कुणासाठी थांबत नाही, जे आलं ते पुढे सोडतो, म्हणजे आधी तपासणी संपली की 'पैसे परत करा' चालणार, मग कागदपत्रं संपली की पुन्हा 'पैसे परत करा' चालणार. दोनदा पैसे! उलटं केलं, फुलीने फोडलं आणि अधिकने जोडलं, तर काम तिथे कायमचं अडकून बसतं कारण दुसरी वाट कधीच येणार नसते. साध्या फ्लोचार्टमध्ये ही चूक दिसूच शकत नाही, कारण तिथे जोडणाऱ्या ठिकाणाला काही अर्थच दिलेला नसतो. ज्या भाषेत चूक करता येते आणि ती दाखवताही येते, तिच्याबद्दल मला आदर वाटतो.

एक गोष्ट मात्र बीपीएमएनमध्ये कोंबू नये, ती म्हणजे नियम. वस्तू किती दिवसांत आली, सील तुटलंय का, ग्राहक किती जुना, यावरून परतावा पूर्ण की अर्धा हे ठरत असेल आणि त्यासाठी तुम्ही सात गेटवे लावलेत तर ते चित्र कुणीच वाचणार नाही. त्यासाठी डीएमएन आहे, २०१५ पासून, सरळ निर्णयाचा तक्ता, ओळीत अटी आणि शेवटी निकाल, आणि तो बिझनेसवाल्यांना समोर बसून वाचता येतो.

सी४ बद्दल आर्किटेक्ट लोकांत दोन टोकं दिसतात, काही जण त्याला भाषाच मानत नाहीत, काहींना त्यापलीकडे काही नको असतं. सायमन ब्राऊन यांनी ते मांडलं, चार पातळ्या: कॉन्टेक्स्ट, कंटेनर, कंपोनंट, कोड. नकाशावर झूम करत जावं तसं. कंटेनर म्हणजे वेगळं चालणारं काहीही, वेब अॅप, मोबाईल अॅप, डेटाबेस, डॉकर या टूलमधल्या 'कंटेनर'शी त्याचा संबंध नाही. चिन्हं ठरवून दिलेली नाहीत, फक्त आग्रह असा की प्रत्येक चौकोनात नाव, प्रकार, तंत्रज्ञान आणि एका वाक्यात काम लिहा, आणि प्रत्येक बाणावर लेबल हवं. या शिस्तीनेच अर्धी लढाई जिंकली जाते, कारण नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या दिवशी कॉन्टेक्स्ट आणि कंटेनर ही दोनच चित्रं बघून तो कामाचे प्रश्न विचारू लागतो, त्याला आधी कुठलीही नोटेशन शिकवावी लागत नाही. खालच्या दोन पातळ्या मी फारशा काढत नाही, कोडची तर नाहीच, ती आयडीई, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, काढून देते.

सी४ कमी पडतं ते मोजता येण्यासारख्या ठिकाणी. दोनशे अॅप्लिकेशन्सचा पसारा, कुणाचा मालक कोण, कुठलं कधी बंद होणार, हे त्यात बसवायला गेलं की ताण येतो. ते एका सिस्टिमच्या टीमसाठी आहे आणि तिथे उत्तम आहे.

आता या सगळ्यात एक फरक आहे जो भाषांच्या तुलनेत कुणी धरत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: तुम्ही मॉडेल करताय की चित्र काढताय? आर्चीसारख्या टूलमध्ये, जे फुकट आणि ओपन सोर्स आहे, 'पेमेंट' हा घटक एकदा बनतो आणि वीस व्ह्यूजमध्ये दिसतो, नाव एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं, आणि 'पेमेंटशी कोण कोण जोडलंय' असं विचारता येतं. प्लँटयूएमएल किंवा मर्मेडमध्ये, म्हणजे टेक्स्ट लिहून चित्र काढणाऱ्या टूल्समध्ये, प्रत्येक फाईल वेगळी, दोन फाईल्समधलं 'पेमेंट' हे दोन निरनिराळे शब्द आहेत, टूलला माहीतच नाही की ते एक आहे. पण त्यांची बाजू अशी की ते टेक्स्ट आहे, कोडच्या शेजारी गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवणाऱ्या टूलमध्ये) राहतं, कोड बदलणाऱ्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदलाच्या प्रस्तावात) चित्रही बदलतं आणि कुणी काय बदललं ते ओळीओळीने दिसतं. २०२२ पासून गिटहब मर्मेड थेट दाखवतं, त्यामुळे डेव्हलपर्स तिकडे वळले यात नवल नाही. दोन्ही फायदे एकत्र हवे असतील तर स्ट्रक्चरायझर डीएसएल बघा, सी४साठीचं, टेक्स्टमध्ये मॉडेल एकदा लिहायचं आणि त्यातून अनेक व्ह्यूज काढायचे.

सिसएमएल ही भाषाही टेक्स्ट आणि मॉडेल एकत्र आणायच्या याच दिशेने चाललीय. ज्यांचं सॉफ्टवेअर यंत्राच्या आत असतं, गाडी, उपग्रह, वैद्यकीय उपकरण, त्यांच्यासाठी ही भाषा, २००७ पासून, आणि पहिली आवृत्ती यूएमएलवरच बेतलेली होती. दुसरी आवृत्ती, जी २०२५ मध्ये ओएमजीने मंजूर केली, तिने यूएमएलचा पाया सोडून स्वतःचा वेगळा पाया घेतला आणि चित्रांइतकंच महत्त्व टेक्स्ट नोटेशनला दिलं. निव्वळ बिझनेस सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तिची गरज नाही, पण पुढे बाकीच्या भाषा कुठल्या दिशेला जातील याची झलक म्हणून जरूर बघा.

एकापेक्षा जास्त भाषा वापरायच्या तर सांधा कुठे ठेवायचा हे आधी ठरवा, नाहीतर सगळीकडे सगळं काढलं जातं. आर्किमेटमध्ये 'परतावा हाताळणे' ही प्रोसेस एकच चौकोन राहू द्या, आत बीपीएमएनच्या मॉडेलची लिंक द्या, नाव आणि क्रमांक दोन्हीकडे तेच ठेवा. आर्किमेटमधला डेटा ऑब्जेक्ट यूएमएलच्या डोमेन क्लासशी जोडा, त्याचे अॅट्रिब्यूट आर्किमेटमध्ये आणू नका. खरा गुंता होतो अॅप्लिकेशन कंपोनंटपाशी, कारण आर्किमेटचा कंपोनंट सी४च्या सिस्टिमइतका मोठाही असू शकतो आणि कंटेनरइतका लहानही. आमच्याकडे ठरलंय की तो सिस्टिमच्या पातळीला थांबतो, कंटेनर फक्त सी४मध्ये. तुम्ही वेगळं ठरवा, हरकत नाही, पण एकदा ठरवा आणि लिहून ठेवा. आणि या यादीत टोगाफ किंवा झॅकमन का नाही असं कुणी विचारेल म्हणून सांगतो, त्या भाषा नाहीत. टोगाफ काम कुठल्या क्रमाने करायचं ते सांगतं, झॅकमन यांची १९८७ पासूनची चौकट काय काय विचारायचं ते सांगते, चिन्हं दोघांकडेही स्वतःची नाहीत.

टूल विकत घ्यायच्या टप्प्यावर असाल तर डेमो बघून भुलण्याआधी एक काम करा. आपलं हे परताव्याचं मॉडेल त्यात पूर्ण बनवा, एक्सपोर्ट करा, आणि दुसऱ्या एखाद्या टूलमध्ये उघडून बघा. बीपीएमएनमध्ये चौकोनांच्या जागासुद्धा फाईलमध्ये जातात, त्यामुळे बऱ्यापैकी तसंच दिसायला हवं. आर्किमेटला स्वतःचं एक्सचेंज फॉरमॅट आहे, घटक आणि नाती नीट आली पाहिजेत, फॉन्ट आणि रंग गेले तर सोडून द्या. यूएमएलच्या एक्सएमआय या फाईल फॉरमॅटचा अनुभव मात्र टूलागणिक वेगळा येतो, क्लासेस येतात आणि डायग्राम गायब असं सर्रास होतं. विक्रेत्याला तुमच्यासमोर बसवून हे करायला सांगा, आणि तो 'पुढच्या आवृत्तीत होईल' म्हणाला तर पुढच्या आवृत्तीपर्यंत सही करू नका.